दोन फेऱ्यांनी जिंकलेली शर्यत आणि मोजणीचे टेबल

आरक्षणाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडते. "खेळात कुठे असते आरक्षण? तिथे फक्त गुणवत्ता चालते. जो पुढे पळाला तो जिंकला, संपला विषय." ऐकायला हे वाक्य बिनतोड वाटते. आपली पोरेसुद्धा त्यापुढे कधीकधी गप्प बसतात.

हे वाक्य फेकणाऱ्यांसाठी एक शर्यत सांगतो. मोटारींची. इथे परीक्षकांनी गुण द्यायचे नसतात, मुलाखत नसते, तोंडी परीक्षा नसते. गाडी फेऱ्या मारते आणि कोणीतरी त्या फेऱ्या मोजतो. यापेक्षा निखळ गुणवत्तेचा खेळ कुठला असणार?

1 डिसेंबर 1963. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातले जॅक्सनव्हिल शहर. तिथल्या स्पीडवे पार्कच्या अर्ध्या मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर नॅस्कारच्या सर्वोच्च श्रेणीची शर्यत होती. 200 फेऱ्या, म्हणजे 100 मैल. 1964 च्या अजिंक्यपद हंगामातली ही तिसरी शर्यत. हंगाम आदल्या नोव्हेंबरातच सुरू व्हायचा, म्हणून तारीख 1963 ची आणि हंगाम 1964 चा. त्या एका हंगामात 62 शर्यती होत्या. म्हणजे ही काही फार मोठी शर्यत नव्हती. एरवी तिची आठवण कोणी काढली नसती.

पण 34 क्रमांकाच्या शेव्हरोलेत वेंडेल स्कॉट बसले होते.

स्कॉट यांचा जन्म 1921 चा, व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलचा. काळा माणूस. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात युरोपात राहून आले, गावी परतल्यावर टॅक्सी चालवली, गॅरेज चालवले आणि रात्री चोरट्या दारूची वाहतूकही केली. 1952 मध्ये डॅनव्हिलच्या शर्यतवाल्यांना गर्दी जमवण्यासाठी एक काळा ड्रायव्हर हवा होता. तमाशा म्हणून! त्यांनी चौकशी कुठे केली? पोलिसांकडे. ज्याचा पाठलाग करून पोलीस दमले होते, त्याचेच नाव पोलिसांनी दिले. म्हणजे स्कॉट यांच्या गुणवत्तेचे पहिले प्रमाणपत्र पोलिसांचे होते. पण तेवढ्याने दार उघडले नाही. नॅस्कारच्या शर्यतीत उतरायला गेले तेव्हा काळे म्हणून त्यांना परत पाठवले गेले. मग ते इतर छोट्या शर्यतींत धावत राहिले, पुढे नॅस्कारचा परवाना मिळवला आणि 1961 मध्ये सर्वोच्च श्रेणीत पोहोचले.

त्यांच्या पाठीशी कंपनी नव्हती, प्रायोजक नव्हता. जॅक्सनव्हिलला जी गाडी चालवली ती नेड जॅरेट या गोऱ्या ड्रायव्हरकडून विकत घेतलेली जुनी गाडी. सुटे भाग इतरांनी वापरून झालेले. गाडी दुरुस्त करणारे ते स्वतः आणि मदतीला त्यांची मुले. अशा माणसाला कारखान्याच्या पैशावर चालणाऱ्या संघांच्या रांगेत उभे करायचे आणि वर म्हणायचे, बघा, सगळ्यांना समान संधी!

त्या दिवशी शेवटच्या 25 फेऱ्या उरल्या असताना स्कॉट यांनी रिचर्ड पेटी यांना मागे टाकले. पेटी यांची गाडी त्या वेळी कुरकुरत होती, हे मान्य. पण मोटार शर्यतीत गाडी टिकवणे हाही कौशल्याचाच भाग, आणि गोऱ्या विजेत्यांबाबत ही सबब कोणी काढत नाही. पेटी म्हणजे साधे नाव नव्हे, त्या हंगामाचे अजिंक्यपद पुढे त्यांनीच मिळवले. स्कॉट पुढे गेले, 200 फेऱ्या पुऱ्या केल्या. विजेत्यासाठी हलवायचा चौकटीचा झेंडा काही हलला नाही. ते गाडी चालवतच राहिले.

शर्यत संपल्यावर विजेता जाहीर झाला तो बक बेकर. गोरे. ट्रॉफी त्यांना, फोटो त्यांचे. स्कॉट यांनी हरकत घेतली. फेऱ्यांच्या नोंदी तपासायला बसले. सुमारे दोन तासांनी निष्कर्ष निघाला की स्कॉट जिंकले होते. आणि किती अंतराने? पूर्ण दोन फेऱ्यांनी! तोवर प्रेक्षक घरी गेले होते. विजेत्याच्या बक्षिसाचे 1,000 डॉलर स्कॉट यांना मिळाले. ट्रॉफी बेकर यांच्याबरोबर गेली होती.

नॅस्कारचे म्हणणे, मोजणीत चूक झाली. त्या काळी फेऱ्या माणसेच हाताने कागदावर मोजत, चुका होत, हे खरे आहे. आपण क्षणभर धरून चालू की ती चूकच होती. पण चूक प्रामाणिक होती की नाही हे ती सुधारताना माणूस काय करतो यावरून कळते. पुढच्या शर्यतीत हजारो लोकांसमोर स्कॉट यांना बोलावून ट्रॉफी देता आली असती. तसे झाले नाही. काही आठवड्यांनी त्यांच्या हातात एक स्वस्तातली लाकडी ट्रॉफी टेकवली गेली. पैसे दिले, मान दिला नाही. आपल्याला हा हिशेब नवा नाही.

स्कॉट स्वतः कारण सांगत ते असे: विजेत्याला ट्रॉफी देताना गोऱ्या सौंदर्यवतीने त्याचे चुंबन घ्यायची प्रथा होती आणि काळ्या माणसाच्या बाबतीत ते दृश्य आयोजकांना लोकांपुढे येऊ द्यायचे नव्हते. अतिशयोक्ती वाटते? मग ते शहर आणि ते वर्ष पाहा. याच जॅक्सनव्हिलमध्ये 27 ऑगस्ट 1960 रोजी उपाहारगृहांतल्या भेदभावाविरुद्ध बसून सत्याग्रह करणाऱ्या काळ्या तरुणांवर गोऱ्या जमावाने कुऱ्हाडीचे दांडे घेऊन हल्ला केला होता. शेजारच्या अलाबामात जानेवारी 1963 मध्ये गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांनी वंशभेद कायम ठेवण्याची जाहीर शपथ घेतली होती. नॅस्कारचे संस्थापक बिल फ्रान्स पुढे याच वॉलेस यांच्या अध्यक्षपदाच्या प्रचारात उतरले. त्या टेबलावर कोणाची माणसे बसली होती, हे एवढ्यावरून कळावे.

पळवणकर बाळू आठवतात? त्यांनी घेतलेले बळी कोणी लपवले नाहीत, वहीत नीट लिहिले. पण हिंदू संघाचे कर्णधारपद देण्याची वेळ आली की चांभाराच्या मुलापुढे हात आखडत. ते 1923 मध्ये मिळाले त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना, तेही आधी भांडल्यावर. तिथे बळी मोजले आणि मान अडवला. जॅक्सनव्हिलला तर मोजणीतच गाठले. गुणवत्ता काही आपोआप कागदावर उमटत नाही, ती कोणाच्या तरी हातून लिहिली जाते. म्हणून आपण प्रतिनिधित्व मागतो तेव्हा फक्त पळायची जागा मागत नाही, मोजणीच्या टेबलावरची खुर्चीही मागतो.

स्कॉट थांबले नाहीत. त्या हंगामात गुणतक्त्यावर बारावे आले, 1966 मध्ये सहावे. एकूण 495 शर्यती धावले, आणि विजय तेवढा एकच. 1973 मध्ये अलाबामातल्या टॅलाडेगा ट्रॅकवर मोठा अपघात झाला आणि त्यांची कारकीर्द जवळपास तिथेच संपली. 1990 मध्ये ते वारले. 2015 मध्ये नॅस्कारने त्यांना आपल्या हॉल ऑफ फेममध्ये घेतले, म्हणजे मरणोत्तर सुमारे चोवीस वर्षांनी.

जॅक्सनव्हिलच्या विजयाची ट्रॉफी नॅस्कारने त्यांच्या कुटुंबाच्या हाती दिली 28 ऑगस्ट 2021 रोजी, डेटोनाच्या ट्रॅकवर. तीही मूळ नव्हे, नव्याने बनवलेली. दुसऱ्या दिवशी स्कॉट शंभर वर्षांचे झाले असते. 1963 चा वॉशिंग्टनचा ऐतिहासिक मोर्चाही 28 ऑगस्टचाच.

त्यानंतर पाच आठवड्यांनी, 4 ऑक्टोबरला, बब्बा वॉलेस या काळ्या ड्रायव्हरने टॅलाडेगाची शर्यत जिंकली. स्कॉट यांच्यानंतर या श्रेणीत काळ्या ड्रायव्हरचा हा पहिला विजय, मध्ये 58 वर्षे कोरडी. पावसामुळे शर्यत अर्ध्यात थांबवली गेली तेव्हा वॉलेस आघाडीवर होते. फेऱ्यांची मोजणी आता यंत्रे करतात. निकाल त्याच दिवशी लागला आणि ट्रॉफीही त्याच दिवशी त्यांच्या हातात होती.