लष्करातील अध्यापकाचा दरमहा

दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये घातलेल्या छावणीतून वाढलेल्या ग्वाल्हेरच्या लष्कर शहरात दक्षिणेतून जो शास्त्री वा पंतोजी अध्यापनासाठी येई, त्याला नेमणुकीच्या हुकमातील दरमह्याच्या आकड्याइतकाच त्या आकड्यामागील नाण्याचाही विचार करावा लागे. कारण एकोणिसाव्या शतकात संस्थानी टांकसाळीचा रुपया आणि इंग्रजी कलदार रुपया यांत बट्टा पडे, आणि पुण्या-साताऱ्याकडील कुटुंबास धाडावयाची रक्कम या बट्ट्याने व हुंडणावळीने घटत असे. शिधा, पोशाख, बक्षीस यांची जोड ज्यास मिळे, त्याचा संसार अल्प दरमह्यातही निभे; मात्र ही जोड धन्याच्या मर्जीवर अवलंबून असल्यामुळे तिचा भरवसा धरून कर्ज काढणे शहाणपणाचे नव्हते.

गाणे शिकविणाऱ्यांपुरते हे चित्र पुढे बदलले: १९१८ मध्ये ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने व संगीतशास्त्रज्ञ पंडित भातखंडे यांच्या योजनेने माधव संगीत विद्यालय निघाले, आणि राजाभैया पूंछवाले यांच्यासारखे गुणी गायक तेथे अध्यापक झाले, तेव्हा ग्वाल्हेर घराण्याच्या गानविद्येस अभ्यासक्रमाची व नेमणुकीची चौकट लाभली. पुढे १९४८ मध्ये संस्थान मध्यभारतात विलीन झाल्यावर दरबारी औदार्याचा हिशेब मिटला. उरले ते वेतन, आणि त्याच्या पुरेपणाचा निवाडा घरभाडे व बाजारभावच करू लागले.