पाण्याच्या टाकीने उंची ठरवलेली इमारत

एखादी इमारत सुंदर आहे की नाही, हे आपण चटकन सांगतो. ती तशीच का बांधली, हा प्रश्न मात्र क्वचित विचारतो. इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठाची अभियांत्रिकी इमारत या प्रश्नाचे उत्तम उत्तर देते.

लेस्टरला 1957 मध्ये विद्यापीठाचा दर्जा मिळाला. नव्या अभियांत्रिकी विभागाच्या इमारतीचे काम 1959 मध्ये जेम्स स्टर्लिंग आणि जेम्स गोवन या वास्तुशिल्पज्ञांकडे आले. 1963 मध्ये ती पुरी झाली.

विभागाला प्रयोगांसाठी दाबाचे पाणी हवे होते. त्यासाठी टाकी सुमारे 30 मीटर उंचीवर ठेवणे आवश्यक होते. पाण्याचा दाब म्हणजे घनता, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार: 1000 × 9.8 × 30 = 2,94,000 पास्कल. हा वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ तिप्पट होतो. टाकीसाठी मनोरा लागणारच होता. मग त्याच मनोऱ्यात कचेऱ्या बसवल्या.

दुसरी गरज कार्यशाळेतील प्रकाशाची. थेट ऊन यंत्रांवर पडले, तर डोळे दिपतात आणि सावल्या सरकत राहतात. उत्तरेकडून येणारा प्रकाश स्थिर असतो. मुंबईच्या कापड गिरण्यांची करवतीच्या दातांसारखी छपरे याच कारणासाठी होती. लेस्टरची जागा मात्र उत्तरेला समांतर नव्हती. म्हणून काचेच्या छपराच्या रांगा भिंतींशी 45 अंशांत तिरप्या घातल्या.

व्याख्यानगृहांत बाके पायरीपायरीने चढत जातात. तोच उतार बाहेरून दिसतो, कारण ही दालने मनोऱ्याच्या तळातून अधांतरी पुढे आलेली आहेत. वरच्या मनोऱ्याचे वजन त्यांचा तोल सांभाळते. सी-सॉचे तत्त्व ते हेच!

एवढ्या काचेची किंमतही मोजावी लागली. उन्हाळ्यात उकाडा, हिवाळ्यात गारठा आणि पावसात गळती. काचा सरसकट बदलाव्यात, तर इमारतीचे रूपच जाणार. 1993 मध्ये तिला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाल्यामुळे मनमानी बदलांना वाव उरला नाही. अखेर बाहेरचे रूप तेच राखून उष्णतारोधक काचा बसवण्यात आल्या. हे काम 2017 मध्ये संपले. आज विद्यार्थी तिथेच शिकतात.

आपल्या शाळेतही हा अभ्यास करता येईल. व्हरांडा कोणत्या दिशेला आहे? झरोके इतके उंच का? टाकी जमिनीपासून किती मीटरवर आहे, आणि तळमजल्याच्या नळाला किती दाब मिळतो? विद्यार्थ्यांना मोजपट्टी आणि होकायंत्र देऊन उत्तरे शोधू द्यावीत.