दम नाही म्हणे!

मामाने दिलं तेव्हा ते इंजिन एरंडेल सुकून घट्ट झालं होतं. "रॉकेलमध्ये भिजत ठेव, जोर लावू नकोस," एवढंच तो म्हणाला. तळहातात मावणारं, पाऊण सीसीचं मॉडेल डिझेल. इंग्लंडच्या 'मिल्स'ची कोलकात्यात बनलेली प्रत. एनसीसीत असल्यापासून मामाने ते जपलेलं. आता त्याचे हात थरथरतात, प्रोपेलरला झटका देणं जमत नाही.

इंजिन मोकळं झाल्यावर मी ते छोट्या, वेगवान ग्लो इंजिनासाठी आखलेल्या विमानावर बसवलं. प्रोपेलरही त्याचाच, सहा इंची. इंजिन किंचाळलं. मी कॉम्प्रेशनचा स्क्रू आवळत गेलो, ते तापलं आणि हवेत जाताच बंद पडलं. बाल्साच्या पंखाचे दोन तुकडे झाले. "जुनंय, दम नाही," मी म्हणालो. मामा गप्प राहिला.

ते गप्प राहणं मला लागलं. म्हणून मी या इंजिनांचा इतिहास वाचायला घेतला.

१९३३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत मॅक्सवेल बॅसेटने पेट्रोल इंजिनाचं विमान आणलं आणि रबराच्या पिळावर उडणाऱ्या विमानांना मागे टाकलं. इंजिन होतं फिलाडेल्फियाच्या बिल ब्राऊनचं, जेमतेम दहा सीसीचं. पण ठिणगीसाठी कॉइल, कंडेन्सर, बॅटऱ्या असं सगळं बिऱ्हाड विमानातच न्यावं लागे. ते वजन पेलायला त्या काळची विमानं ऐसपैस पंखांची झाली. १९४७ मध्ये रे आर्डनने ग्लो प्लग बाजारात आणला. त्यातली प्लॅटिनमची तार एकदा तापली की मिथेनॉलच्या जोरावर तापलेलीच राहते, त्यामुळे बॅटरी जमिनीवरच ठेवता येते. विमानं लहान आणि चपळ झाली. आजही जुन्या आराखड्यावर हलकं ग्लो इंजिन बसवलं, तर तोल साधायला नाकात शिसं भरावं लागतं.

युरोपात डिझेलची वाट रुळली. त्यात ठिणगी नाही की तार नाही. ईथर नुसत्या दाबाने पेटतं. मिल्ससारखं डिझेल मोठा प्रोपेलर सावकाश, पण ताकदीने फिरवतं. म्हणजे दम होता. मी त्याला चुकीच्या गाडीला जुंपलं होतं.

मग मी रुंद पंखांचं, हलकं, संथ विमान बांधलं. आठ इंची प्रोपेलर लावला. ईथर, रॉकेल आणि एरंडेल साधारण सारख्या प्रमाणात मिसळलं. सकाळी वारा पडलेला असताना मामाला मैदानात खुर्चीवर बसवलं. तिसऱ्या झटक्याला इंजिन धडधडलं.

"तापलं बघ. पाव फेरा मागे घे," मामा डोळे मिटून म्हणाला.

मी घेतला. आवाज एकसुरी झाला. हातातून सोडलेलं विमान मोठे गोल घेत सावकाश वर चढलं. टाकी संपली, आवाज थांबला, आणि ते तरंगत पलीकडच्या ज्वारीत उतरलं.

"आता सांग," मामा म्हणाला, "दम कुणात नव्हता?"