जुना वायरलेस सेट आणि तो जुळवणारा माणूस

गेल्या खेपेला आपण सिंदी मेघेत हॅमचा जुना वॉकीटॉकी उघडून पाहिला. आधी बॅटरीच्या गंजलेल्या पट्ट्या, मग अँटेनाचा सैल जोड, मग सुटलेलं सोल्डर. हे हाताला येणं म्हणजे नुसता छंद नाही, हे इंग्रज सरकारला चांगलं ठाऊक होतं. 1939 मध्ये महायुद्ध पेटताच हॅम मंडळींना आपापले प्रक्षेपक पोलिसांकडे जमा करायचे हुकूम निघाले.

14 जुलै 1942 ला इथे शेजारीच, वर्ध्यात, काँग्रेस कार्यसमितीने इंग्रजांनी सत्ता सोडावी असा ठराव केला. ऑगस्टमध्ये नेते तुरुंगात, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. मग मुंबईत उषाबेन मेहता आणि सोबत्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. यंत्र उभं केलं नरिमन प्रिंटर यांनी. ते जुने हॅम. लहरलांबी 42.34 मीटर, म्हणजे हॅमच्या ओळखीचाच पट्टा. पोलिसांना चुकवायला जागा पुन्हा पुन्हा बदलायची. आता बघा, दर वेळी व्हॉल्व्ह हिंदकळणार, एरियल नव्याने ताणून जुळवावी लागणार. आणि हे जाणणारे मोजकेच!

तिथेच घात झाला. 12 नोव्हेंबरला गिरगावात पारेखवाडीत पोलीस शिरले. आपल्याच तंत्रज्ञाने पत्ता दाखवला, असं उषाबेन पुढे सांगत. आपण प्रिंटरांना फितूर म्हणून मोकळे होतो. पण त्यांच्याशिवाय हा रेडिओ बोललाच नसता. उषाबेन चौकशीत गप्प राहिल्या. शिक्षा झाली चार वर्षांची, येरवड्यात.