दप्तरबंद अहवाल
पंडित सुंदरलाल यांचा ‘भारत में अंग्रेजी राज’ हा ग्रंथ १९२९ मध्ये प्रसिद्ध होताच इंग्रज सरकारने जप्त केला. त्याच सुंदरलालांनी काझी अब्दुल गफ्फार यांच्यासह सिद्ध केलेला हैदराबादचा अहवाल पुढे स्वकीय सरकारने दप्तरबंद करून ठेविला. सप्टेंबर १९४८ च्या पोलिस कारवाईनंतरच्या स्थितीची पाहणी करण्यास पंडित नेहरूंनी हे सदिच्छा मंडळ धाडले होते. रझाकारांचे अत्याचार नमूद करूनही मंडळाने कारवाईच्या वेळच्या व नंतरच्या बळींची संख्या २७ ते ४० हजार अंदाजिली. उस्मानाबाद, नांदेड, बीदर व गुलबर्गा हे जिल्हे सर्वाधिक होरपळले होते. हा अंदाज होता, शिरगणती नव्हे. परंतु तो पारखून पाहावा, तर मूळ कागदच अभ्यासकांस दुर्लभ. २०१३ मध्ये ए. जी. नूरानी यांच्या ‘द डिस्ट्रक्शन ऑफ हैदराबाद’ या ग्रंथात तो छापला गेला. त्यात मुसलमान विणकरांच्या रक्षणार्थ प्राण वेचणाऱ्या हिंदू विणकरांचीही नोंद आढळते. अपराधांवर पडदा टाकणाऱ्या गुप्ततेखाली माणुसकीची ही साक्षही गाडली गेली. मराठवाड्याचा इतिहास शिकविणाऱ्यांनी मुक्तिसंग्रामाच्या गौरवाबरोबर हे पानही विद्यार्थ्यांपुढे उघडावे.