दार उघडणारं जहाज

आज आम्ही तुम्हाला एका जहाजाची हकीकत सांगणार आहोत. जहाज अमेरिकेचं आणि काळ दुसऱ्या महायुद्धाचा. आपला काय संबंध, असं वाटेल. जरा ऐका, मग ठरवा.

१९४० साली जर्मनीने फ्रान्स जिंकला. इंग्लंडची फौज डंकर्कच्या किनाऱ्यावरून कशीबशी परत आली. माणसं आली, पण रणगाडे, तोफा, गाड्या तिथेच टाकाव्या लागल्या. पुन्हा त्या बाजूला उतरायचं तर बंदरं शत्रूच्या हातात. धक्का नाही, क्रेन नाही, आणि एकेक रणगाडा तीस टनांचा. तो होडीतून थोडाच उतरणार?

१९४१ च्या नोव्हेंबरात अमेरिकी नौदलातल्या जॉन नीडरमायर यांनी यावर तोड काढली. ३२८ फूट लांब, ५० फूट रुंद जहाज, तळ सपाट आणि तोंडाला मोठी दोन दारं. खोल समुद्रात जाताना पोटातल्या टाक्यांत पाणी भरायचं, म्हणजे जहाज जड होऊन पाण्यात नीट बसतं. किनारा जवळ आला की पंपाने ते पाणी काढायचं. जहाज हलकं होऊन वर येतं आणि सरळ वाळूवर जाऊन टेकतं. दारं उघडली, उतरंड खाली पडली की रणगाडे आपापले जमिनीवर. मग परत कसं निघायचं? किनाऱ्याला लागण्याआधीच मागचा नांगर समुद्रात सोडलेला असायचा. त्याची तार गुंडाळत जहाज स्वतःला मागे ओढून घ्यायचं. विहिरीत उतरताना आपण आधी वर दोर बांधतो, तसंच हे.

सपाट तळामुळे लाटांवर ते परातीसारखं डुलायचं. वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास. खलाशी चेष्टेने त्याला ‘मोठं, संथ निशाण’ म्हणायचे.

अशी हजाराहून जास्त जहाजं अमेरिकेने बांधली. समुद्राकाठच्या गोद्या मोठ्या युद्धनौकांत गुंतल्या होत्या, म्हणून बरंचसं काम आतल्या नद्यांकाठच्या गावांकडे गेलं. ओहायो नदीकाठचं इव्हान्सव्हिल हे त्यातलं एक. समुद्र तिथून शेकडो मैल लांब. तिथे १९४२ मध्ये गोदी उभी राहिली आणि १६७ जहाजं बाहेर पडली. पुरुष लढाईवर गेलेले, म्हणून बायका मोठ्या संख्येने कामाला आल्या. चेहऱ्यावर मुखवटा, हातात वेल्डिंगची कांडी. सांधा कच्चा राहिला तर जहाजात पाणी शिरणार, हे त्यांना कुणी वेगळं सांगायला नको होतं. तयार जहाज आडवंच नदीत ढकलायचे, मग ते मिसिसिपी नदीने समुद्राला जायचं. युद्ध संपलं, गोदीचं काम थांबलं आणि बहुतेक बायकांची ती नोकरीही संपली.

आपलं जहाज मात्र फिलाडेल्फियाच्या गोदीतलं. आपल्याकडे कोळी लहानशा होडीलाही नाव देतात. याला नाव नव्हतं, नुसता नंबर, ३२५. फेब्रुवारी १९४३ मध्ये ते नौदलात दाखल झालं. त्याच वर्षी सिसिली आणि सालेर्नोच्या उतरणीत ते होतं. ६ जून १९४४ ला नॉर्मंडीवर मोठी चढाई झाली. दुसऱ्या दिवशी ३२५ तिथे पोचलं. पुढच्या दहा महिन्यांत त्याने इंग्लंड-फ्रान्स अशा चाळीसहून जास्त खेपा केल्या.

या खेपांचं आम्हाला विशेष वाटतं ते परतीच्या वाटेमुळे. जाताना रणगाडे, येताना त्याच जागेत स्ट्रेचरवर जखमी. नॉर्मंडीहून या जातीच्या जहाजांनी एक्केचाळीस हजारांवर जखमी परत आणले. २८ डिसेंबर १९४४ ला सैनिक नेणारं ‘एम्पायर जॅव्हलिन’ जहाज बुडायला लागलं, तेव्हा ३२५ ने सुमारे ७०० जणांना उचलून घेतलं. रणगाडे वाहायला बांधलेल्या जहाजाचं हे काम आम्हाला सगळ्यांत मोठं वाटतं.

युद्धानंतर काही काळ ते कॅनडा आणि ग्रीनलंडकडे रडार केंद्रांचं सामान नेत होतं. १९६४ मध्ये ग्रीसला दिलं. तिथे त्याला पहिल्यांदा नाव मिळालं, ‘सिरोस’. १९९९ पर्यंत ते तिथल्या नौदलात राबलं. (या जातीचं एक ब्रिटिश जहाज १९४९ साली आपल्या नौदलातही आलं होतं. त्याचं नाव ठेवलं ‘मगर’. तोंड उघडून किनाऱ्यावर पडणाऱ्याला याहून चांगलं नाव कुठलं!)

मग २००० साली अशाच जहाजांवर उमेदवारी केलेले म्हातारे खलाशी ग्रीसला गेले. सरासरी वय ७२. महिनोन्‌महिने गंजलेली यंत्रं दुरुस्त केली आणि ऐन हिवाळ्यात अटलांटिक महासागर ओलांडायला निघाले. १० जानेवारी २००१ ला जहाज अलाबामातल्या मोबिल बंदराला लागलं. त्यांच्या घरच्या बायकांनी ते दिवस कसे काढले असतील, हे आम्ही तुम्हाला वेगळं सांगत नाही.

२००५ पासून ३२५ चा मुक्काम इव्हान्सव्हिललाच आहे. लोक तिकीट काढून बघायला येतात. उन्हाळा सरता सरता ते अजूनही स्वतःच्या यंत्रांवर नदीतून आसपासच्या गावांना जाऊन येतं.