भराव किती घालायचा? पेटीतल्या रिकाम्या जागेचा इतिहास

आजचा विषय ऐकून काही जणांना वाटेल, इतिहासाच्या व्याख्यानात हे काय आणलं? पेटीत वस्तू ठेवली की तिच्याभोवती थोडी जागा उरते. ती कशाने भरायची, आणि किती भरायची? कुरिअरच्या दुकानातला मुलगा हा प्रश्न दिवसातून पन्नास वेळा सोडवतो, त्याला कोणी व्याख्यान देत नाही. पण त्यामागे ‘किती म्हणजे पुरे?’ हा मोठा प्रश्न आहे. तत्त्वज्ञान शिकवताना आम्ही आयुष्यभर याच प्रश्नाशी झगडलो. तेव्हा आज तो जरा खालच्या पातळीवर, म्हणजे अक्षरशः पेटीच्या तळाशी जाऊन पाहू.

सुरुवात चीनपासून करू. फुटणारा माल लांब पाठवण्याचा इतका मोठा आणि जुना अनुभव क्वचितच दुसऱ्या कोणाकडे असेल. झू यू नावाच्या लेखकाने १११९ साली एक ग्रंथ पुरा केला. त्यात दक्षिण चीनच्या बंदरांतल्या व्यापाराची माहिती आहे. तो सांगतो, जहाजात बहुतेक माल मातीच्या भांड्यांचा असे, आणि मोठ्या भांड्यात लहान भांडी अशी बसवत की मध्ये फट म्हणून उरत नसे. हे नुसतं पुस्तकातलं नाही. १९९८ मध्ये इंडोनेशियातल्या बेलितुंग बेटाजवळ नवव्या शतकातलं एक बुडालेलं जहाज सापडलं. त्यातल्या एका वाडग्यावर इ. स. ८२६ शी जुळणारी तारीख कोरलेली आहे. जहाजावर हजारो वाडगे होते आणि त्यातले पुष्कळसे मोठ्या रांजणांत गोल गोल, शंखाच्या वेटोळ्यासारखे रचलेले होते. रांजण हीच पेटी, आणि रांजणही विकायचाच माल! एका वाडग्याचं रक्षण शेजारचा वाडगाच करतो.

दुसरं उदाहरण डच ईस्ट इंडिया कंपनीच्या ‘गेल्डरमाल्सेन’ या जहाजाचं. १७५१ च्या डिसेंबरात ते कँटनहून हॉलंडकडे निघालं आणि ३ जानेवारी १७५२ ला दक्षिण चीन समुद्रात खडकावर आदळून बुडालं. जहाजावर साडेसहा लाख पौंडांहून जास्त चहा होता आणि सुमारे २ लाख ३९ हजार चिनी मातीची भांडी. खरी किंमत चहाची. भांडी तळाला ठेवलेली, कारण ती जड, शिवाय तळाशी पाणी झिरपलं तरी त्यांचं काही बिघडत नाही. त्यांच्यामुळे जहाज डोलायचं कमी व्हायचं आणि वरचा चहा कोरडा राहायचा. म्हणजे भांडी चहाला सांभाळत होती. पुढे १९८५ मध्ये मायकेल हॅचर याने हा माल वर काढला तेव्हा उलटंच दिसलं. चहाच्या थराखाली दीडेक लाख नग सव्वादोनशे वर्षं टिकून होते. १९८६ मध्ये ॲमस्टरडॅमला त्यांचा लिलाव झाला. महाग चहा मातीमोल झाला होता आणि स्वस्त भांडी मौल्यवान ठरली. भराव कोणता आणि माल कोणता, हे काळाने फिरवून टाकलं.

या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. भराव म्हणून वेगळी, निरुपयोगी वस्तू जवळजवळ नाहीच. जी आहे ती दुसरंही काम करते. आपल्या कोकणातली आंब्याची पेटी आठवा. तिच्यातला पेंढा आंब्याला धक्क्यापासून वाचवतो, आणि त्याच पेंढ्याच्या उबेत आंबा पिकतो. मुंबईला पेटी उघडली की पेंढा गुरांपुढे टाकता येतो. अशा जगात ‘भराव किती?’ हा प्रश्न फारसा टोचत नाही, कारण जास्त झाला तरी वाया जात नाही.

टोचायला लागतो तो रेल्वे आणि कारखान्यांच्या काळात. आता माल बनवणारा एक, वाहून नेणारा दुसरा, घेणारा तिसरा, आणि तिघे एकमेकांना ओळखत नाहीत. पेटीत पेंढा, भुसा, लाकडाचा बारीक कीस असं काहीबाही भरलं जाई. हेतू एकच, वस्तू हलू नये. आणि फुटली तर? कोणाचा दोष? इथे भराव हा कायद्याचा विषय होतो. आपल्याकडचा १९८९ चा रेल्वे कायदा घ्या. माल सदोष पद्धतीने बांधलेला असेल, तर त्यामुळे होणाऱ्या नुकसानीला रेल्वे साधारणपणे जबाबदार नाही; तिचा किंवा तिच्या नोकरांचा हलगर्जीपणा दाखवावा लागतो. म्हणजे पेटीतला भराव हा एक प्रकारचा पुरावाच झाला. आम्ही आमची काळजी घेतली होती, असं सांगणारा. आणि माणसाला पुरावा द्यायचा असला की तो हात आखडत नाही, भरपूर कोंबतो. ‘जास्त घाला, जास्त सुरक्षित’ ही समजूत पक्की व्हायला हे एक मोठं कारण असावं.

ही समजूत कितपत खरी आहे? याचं नीट उत्तर १९४५ मध्ये मिळालं. रेमंड मिंडलिन या अमेरिकन यंत्रशास्त्रज्ञाने पेटीतल्या गादीच्या गतिशास्त्रावर एक दीर्घ निबंध लिहिला. तो बेल कंपनीच्या तांत्रिक नियतकालिकात छापला गेला. गणित अवघड आहे, पण गाभा सोपा आहे.

असं बघा. पेटी ७५ सेंटिमीटरवरून, म्हणजे साधारण टेबलाच्या उंचीवरून पडली. आतली वस्तू थांबायला किती अंतर मिळतं, यावर सगळं अवलंबून आहे. भराव १ सेंटिमीटर दबला आणि तेवढ्यात वस्तू थांबली, तर तिच्यावर तिच्या वजनाच्या सुमारे ७५ पट जोर येतो. ३ सेंटिमीटर दबला तर सुमारे २५ पट. हे सगळ्यात चांगल्या परिस्थितीत, म्हणजे थांबवणारा जोर पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखा राहिला तर. प्रत्यक्षात याहून जास्तच येतो. मुद्दा काय, तर भराव वाचवतो तो दबून. जो दबत नाही, तो भराव नव्हे, दुसरी भिंत.

आता गंमत इथे आहे. हलकी वस्तू रुंद, घट्ट फोमवर ठेवली तर तिच्या वजनाने फोम दबतच नाही. पडल्यावर लाकडावर आपटल्यासारखंच होतं. उलट जड वस्तूखाली फोमचा लहानसा तुकडा असेल, तर तो एका क्षणात चपटा होतो आणि वस्तू तळाला आदळते. दोन्हींच्या मध्ये एक योग्य जागा असते. आलेख काढला तर तो वाटीसारखा दिसतो, दोन्हीकडे काठ उंच आणि मध्ये तळ. पॅकिंगचे अभियंते आजही फोम निवडताना असे आलेख समोर ठेवतात. जाडी वाढवली तर फायदा होतो, नुसतं कोंबून होत नाही. कोंबून भरलेला भुसा दगडासारखा होतो, आणि सैल भरलेला प्रवासात खाली बसतो व वस्तू सरकत सरकत पेटीच्या भिंतीला टेकते.

इथे आम्हाला ॲरिस्टॉटल आठवल्याशिवाय राहत नाही. मध्यम मार्ग म्हणजे सगळ्यांसाठी एकच मधला आकडा, असं तो म्हणत नाही. तो मायलो या मल्लाचं उदाहरण देतो. जेवढं अन्न मायलोला कमी, तेवढंच व्यायामाला नुकती सुरुवात केलेल्या माणसाला फार. योग्य प्रमाण माणसामाणसागणिक बदलतं. फोमचा आलेख हेच सांगतो. ‘दोन इंच भराव पुरे’ हे वाक्य अर्धवट आहे. कशासाठी पुरे? किती वजनाला? किती उंचीवरून पडणार?

उंचीचा प्रश्नही गमतीचा आहे. इस्टा या संस्थेच्या साध्या चाचणीत दहा किलोपर्यंतची पेटी ७६ सेंटिमीटरवरून दहा वेळा टाकतात: एक कोपरा, तीन कडा, सहा बाजू. पेटी जड होत जाते तशी उंची कमी होते. का? कारण हलकी पेटी माणूस एका हाताने भिरकावतो, जड पेटी दोघे मिळून हळू ठेवतात. म्हणजे भरावाच्या गणितात हमालाचा खांदा आणि त्याचा कंटाळासुद्धा धरलेला आहे.

यानंतर प्लास्टिक आलं. १९५७ मध्ये न्यू जर्सीत आल्फ्रेड फील्डिंग आणि मार्क शाव्हान यांनी प्लास्टिकचे दोन पडदे चिकटवून भिंतीला लावायचा नव्या धर्तीचा कागद करून पाहिला. तो कोणी घेईना. हाच आपला बबल रॅप. पुढे आयबीएमच्या १४०१ संगणकाच्या पॅकिंगसाठी तो वापरला गेला आणि त्याचं नशीब उघडलं. थर्माकोलही आलं. भराव इतका हलका आणि स्वस्त झाला की ‘किती?’ हे विचारायची गरजच वाटेना. पण बिल आलंच, दोन बाजूंनी. एक कचऱ्याचं. आंब्याचा पेंढा गुरं खातात. थर्माकोल कोणी खाऊ नये, आणि खाल्लं तर जनावर मरूही शकतं. दुसरं भाड्याचं. कुरिअरवाले आता वजनाबरोबर आकारमानही मोजतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुधा ५००० ने भागायचं. जे जास्त भरेल ते ‘वजन’. मोठ्या खोक्यात लहान वस्तू घातली की आपण हवेचं भाडं भरतो.

शेवटी पेणला येऊ. तिथल्या गणेशमूर्ती अमेरिका, इंग्लंड, मॉरिशसला जातात, उत्सवाच्या कितीतरी महिने आधी जहाजाने. कपाचा टवका उडाला तर आपण तो कप मागच्या फळीत ठेवतो आणि वापरतो. मूर्तीचं बोट तुटलं तर? भंगलेली मूर्ती कोणी पूजेला बसवत नाही. मिंडलिनचं गणित किती जोर येईल ते सांगेल. किती तुटणं म्हणजे ‘तुटणं’, हे ते सांगू शकत नाही. ते आपण ठरवतो. तिथेच आजचा पेच आहे. नदीची काळजी म्हणून शाडूची मूर्ती घ्यावी, तर ती प्लास्टरच्या मूर्तीपेक्षा जड आणि ठिसूळ, म्हणजे भराव जास्त. तो भराव थर्माकोलचा असेल, तर विसर्जनाच्या वेळी वाचवलेली नदी आपण पेटी उघडताना गमावली. इलाज एकच दिसतो, जुन्या चिनी व्यापाऱ्याचा आणि कोकणातल्या बागायतदाराचा: भराव असा निवडा, की पेटी रिकामी झाल्यावरही त्याला काही काम उरेल. कागदाची कात्रणं, पेंढा, पुन्हा वापरता येणारं कापड.

तेव्हा पुढच्या वेळी पेटी बांधाल तेव्हा आधी तीन गोष्टी स्वतःला विचारा. हे किती उंचीवरून पडेल? किती बिघडलं तर मला चालेल? आणि उघडणाऱ्याच्या हातात मी काय ठेवतो आहे? भरावाचं प्रमाण या तीन उत्तरांत आहे. प्रश्नोत्तरांसाठी आता दहा मिनिटं आहेत, विचारा.